दोमरेमीचें दगडी घर

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सव मंडळानें मला संत जोन ऑफ आर्क हिच्या चरित्रावर बोलण्याची आज्ञा केली, ती मीं आनंदानें मान्य केली. मात्र एक सवलत मागून घेतली. जोनचा घोडा, तिचें चिलखत, तिचें निशाण आणि शेवटीं तिची चिता, हीं चित्रें आपणांपैकीं प्रत्येकाच्या डोळ्यांपुढें आहेत. तीं पुन्हां रंगविण्याचें सामर्थ्य मजपाशीं नाहीं. ज्या घरांत ती जन्मली, चालावयास शिकली, सूत कातावयास शिकली, आणि ज्याच्या उंबरठ्याबाहेर एकदां पाऊल टाकल्यावर पुन्हां कधीं परत आली नाहीं, त्या घराविषयीं आज मला बोलावयाचें आहे. कारण एका शेतकऱ्याचें तें साधें घर अद्याप उभें आहे, आणि तें कसें उभें राहिलें ही हकीकत आपल्या वसईच्या माणसांनीं ऐकण्याजोगी आहे, असें मला फार दिवसांपासून वाटत आलें आहे.

फ्रान्स देशाच्या पूर्वेस लोरेन प्रांत आहे. तेथें म्यूझ नांवाची एक संथ नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. तिच्या कांठीं, कुरणांच्या कडेला, दोमरेमी हें लहानसें खेडें वसलें आहे. आज तें व्होझ जिल्ह्यांत मोडतें. त्या कुमारीच्या स्मरणार्थ गांवाला 'दोमरेमी-ला-प्युसेल', म्हणजे कुमारीचें दोमरेमी, असें म्हणतात. इ. स. १४१२ च्या सुमारास झाक दार्क व इझाबेल रोमे या दांपत्याच्या पोटीं जोनचा जन्म येथें झाला. झाक हा शेतकरी होता खरा, पण अगदीं कंगाल नव्हे. गांवांत त्याच्या शब्दाला मान होता. गांवाचा कर गोळा करणें, रात्रीच्या पहाऱ्याची व्यवस्था पाहणें अशीं कामें त्याच्याकडे असत. आपल्याकडे पूर्वीं गांवांत चार वजनदार माणसें असत, त्यांपैकींच तो एक होता असें समजा.

आतां घराकडे वळूं. रस्त्यावरून पाहणाऱ्याला प्रथम चमत्कारिक वाटतें तें त्याचें छप्पर. आपल्या घरांना मध्यें आढें असतें आणि दोहों बाजूंस पाखीं उतरतात. या घराला एकच पाखी आहे. त्यामुळें दर्शनी भिंत एका अंगास उंच आणि दुसऱ्या अंगास ठेंगणी अशी, मोठें घर मधून कापून अर्धेंच ठेवल्यासारखी दिसते. भिंती दगडी व चांगल्या जाड आहेत. खिडक्या थोड्या, आणि ज्या आहेत त्याही लहान. थंडी बाहेर ठेवावयाची असली कीं उजेडही थोडासा बाहेर ठेवावा लागतो. आपण घर बांधतांना वारा आंत कसा येईल याची चिंता करतों. त्या लोकांना तो बाहेर कसा राहील याची चिंता. ओटा नाहीं, पडवी नाहीं. दार उघडलें कीं माणूस एकदम घराच्या मुख्य खोलींत येतो.

खालच्या मजल्यावर चार खोल्या आहेत. पहिली सर्वांत मोठी. तींत एका भिंतीला चुलाणा आहे. चुलाणा म्हणजे आपली तीन दगडांची चूल नव्हे. भिंतींतच ठेवलेली मोठी कमान, वर धूर जाण्यास धुराडें, आणि खालीं लांकडांचा जाळ. त्यावर स्वयंपाक होई, त्यापाशीं घरचीं माणसें शेकत बसत, आणि त्याच खोलींत आईबापांचा बिछाना असे. जोनचा जन्म याच खोलींत झाला असें परंपरा सांगते. आपल्या माजघराचीं, स्वयंपाकघराचीं आणि बाळंतिणीच्या खोलीचीं सारीं कामें त्या एका खोलींत होत असत. तिच्यापलीकडे एक खोली भावांची म्हणून दाखवितात, एक जोनची म्हणून, आणि एक मागील बाजूस सामानसुमानाची. वर छपराखालीं माळा आहे. जोनची म्हणून जी खोली दाखवितात ती लहान व काळोखी आहे. तिला एक चिमुकली खिडकी असून ती ख्रिस्तमंदिराच्या दिशेस उघडते.

अमुक खोली जोनची, असें सांगणारा तिच्या काळचा लेख कोणताही नाहीं. तें परंपरेचें म्हणणें आहे, आणि मी तें परंपरेचें म्हणूनच तुम्हांस सांगतों. परंतु या घरांत जोन कशी वागत असे याला मात्र चांगला लेखी पुरावा आहे. आणि तो पुरावा आपल्यासारख्याच शेतकऱ्यांनीं, बायाबापड्यांनीं दिलेला आहे. तो कसा जमला तें सांगण्यासाठीं मला थोडें पुढें जावें लागेल.

इ. स. १४३१ च्या मे महिन्याच्या ३० तारखेस रूआं शहरांत जोनला पाखंडी ठरवून जिवंत जाळण्यांत आलें. तिची आई इझाबेल हिनें हा डाग धुवून निघावा म्हणून धर्मपीठाकडे दाद मागितली. मुलगी गेल्यावर वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. तरी म्हातारीनें तें सोडलें नाहीं. अखेर नवी चौकशी सुरू झाली, आणि १४५६ सालच्या आरंभीं चौकशी करणारे अधिकारी दोमरेमीस आले. तेथें व आसपास मिळून तीसहून अधिक साक्षी त्यांनीं नोंदविल्या. हे साक्षीदार कोण होते? नांगरधारी, शेजारणी, देवळाची घंटा वाजविणारा, तिच्या बाप्तिस्म्याच्या वेळचीं धर्ममातापिता. जोन कशी मुलगी होती, एवढेंच त्यांना सांगावयाचें होतें. आणि तें सांगतांना कळत न कळत त्यांनीं तिच्या घराची दारें आपणांसाठीं उघडून ठेविलीं.

मांझेत नांवाची एक स्त्री सांगते कीं, तिच्या बापाचें घर जोनच्या बापाच्या घराला जवळजवळ लागूनच होतें. दोघी एकत्र बसून सूत कातीत आणि घरचीं कामें जोडीनें करीत. ओव्हिएत नांवाची मैत्रीण सांगते कीं, लहानपणीं आपण प्रेमानें जोनच्या घरीं राहिलें, तिच्याशेजारीं निजलें. ती गांव सोडून गेल्याचें मागाहून कळलें तेव्हां आपण फार रडलें. सिमोनँ म्युनिए नांवाचा शेतकरी शेजारच्याच घरीं वाढलेला. पोरवयांत आपण आजारी पडलों असतां जोननें आपली काळजी घेतली, हें तो पंचवीस तीस वर्षांनंतरही विसरलेला नव्हता. पेरँ द्रापिए हा त्या वेळीं घंटा वाजविण्याचें काम करीत असे. बिचारा कधीं कधीं रात्रीच्या प्रार्थनेची घंटा वाजवावयास विसरे. मग जोन त्याला रागें भरे, आणि घंटा वेळेवर वाजविशील तर तुला कांहीं देईन, असें कबूल करी. ही हकीकत त्यानें स्वतःच अधिकाऱ्यांपुढें सांगितली. आपली चूक शपथेवर सांगून दुसऱ्याचें पुण्य प्रगट करणारा असा साक्षीदार मिळणें कठीण.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती इझाबेलेत नांवाच्या स्त्रीची साक्ष. ती सांगते कीं, जोन गोरगरिबांना घरीं आश्रय देई. त्यांना आपल्या बिछान्यावर निजवी आणि स्वतः चुलाण्यापाशीं निजण्यास तयार असे. मघांशीं मीं त्या मोठ्या खोलीचें वर्णन केलें, तें या एका वाक्यासाठीं. थंडीच्या रात्रीं बाहेरून आलेला कोणी वाटसरू तिच्या अंथरुणावर झोंपला आहे, जाळ विझत आला आहे, आणि राखेच्या उबेला दहाबारा वर्षांची एक मुलगी अंग मुडपून पडली आहे. तो चुलाणा तेथें आजही आहे. मात्र ही साक्ष कोणी लिहून ठेविली नसती, तर धुरानें काळी झालेली एक कमान एवढीच त्याची किंमत राहिली असती.

घराच्या पलीकडे बाग होती, आणि बागेपलीकडे दफनभूमीसह संत रेमीचें ख्रिस्तमंदिर. अंतर इतकें थोडें, कीं आपल्या ओट्यावरून शेजारच्याला हांक मारावी तसें. जोनचा बाप्तिस्मा याच मंदिरांत झाला. तेथील जुनें बाप्तिस्माकुंड आजही दाखवितात. पुढें रूआंच्या न्यायाधीशांनीं तिला, तुला वाणी प्रथम केव्हां ऐकूं आली, असें विचारलें, तेव्हां तिनें दिलेलें उत्तर कागदावर आहे. वय तेरा वर्षें, उन्हाळ्याचे दिवस, दुपारची वेळ, आणि आपण बापाच्या बागेंत होतों, असें ती म्हणाली. वाणी उजव्या हातास, ख्रिस्तमंदिराच्या बाजूनें आली. पाहा, स्वर्गाविषयीं प्रश्न विचारला असतां ती आपल्या परसाचा नकाशा सांगते! न्यायाधीश मोठे पंडित होते. त्यांना तिच्या उत्तरांत पाखंड शोधावयाचें होतें. तिला मात्र घर कोठें, बाग कोठें आणि देऊळ कोठें, हें नीट सांगावयाचें होतें. पुढें तिनें संत मायकेल, संत कॅथरिन व संत मार्गरेट यांचीं नांवें सांगितलीं; पण आरंभ बागेपासून आहे.

त्याच चौकशींत तिनें असेंही सांगितलें कीं, शिवणें व सूत कातणें यांत आपण रूआंच्या कोणत्याही बाईस हार जाणार नाहीं. चित्रकारांनीं तिला नेहमीं मेंढरें राखणारी पोर करून टाकलें आहे. तिचें स्वतःचें म्हणणें निराळें होतें. मोठी झाल्यावर आपण सहसा गुरें राखीत नव्हतों. फक्त त्यांना कुरणावर नेण्यास, आणि शिपायांचें भय असे तेव्हां 'बेट' नांवाच्या गढींत हांकून नेण्यास मदत करीत असूं, असें तिनें सांगितलें.

या गढीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. नाहीं तर तें घर फार सुखाचें होतें असा समज व्हावयाचा. तो काळ इंग्रज व फ्रेंच यांच्यामधील दीर्घ युद्धाचा. दोमरेमी सरहद्दीवरचें गांव. लुटारू शिपायांची टोळी केव्हां येईल याचा नेम नसे. गांवाजवळ म्यूझ नदीच्या बेटावर तेथल्या जहागीरदार घराण्याची एक पडीक गढी होती. १४१९ साली झाक दार्क व गांवचा आणखी एक गृहस्थ यांनीं ती भाड्यानें घेतली. हेतु हा कीं, संकट आलें तर गांवचीं माणसें व गुरें तेथें नेतां यावीं. म्हणजे त्या दगडी घराच्या धन्याला ठाऊक होतें कीं, आपल्या जाड भिंती चोरांपुढें पुरेशा नाहींत. १४२८ सालीं तर गढीचाही आधार पुरेना. सारें गांव गुरेंढोरें घेऊन नफशातो शहरीं पळालें, आणि परत आल्यावर पाहतात तों ख्रिस्तमंदिर जळालेलें.

याच घरांत बापाला स्वप्न पडलें होतें कीं, आपली लेक शिपायांबरोबर निघून जाईल. त्यानें मुलांना सांगितलें, असें होणार असेल तर तुम्ही तिला बुडवा. तुम्ही न बुडवाल तर मी बुडवीन. हें आईनें जोनला सांगितलें आणि जोननें न्यायालयांत. बापावर तिनें त्याबद्दल राग धरला नाहीं. मुलीचा बाप असलेला प्रत्येक गृहस्थ झाकचें तें वाक्य ऐकून शहारेल, पण ज्या भयांतून तें निघालें तें भयही त्याला कळेल. १४२९ च्या आरंभीं, आईबापांना न सांगतां, एका नातलगाच्या मदतीनें ती व्होकूलर येथें गेली, आणि तेथून राजाकडे. त्या मे महिन्यांत ऑर्लेआंचा वेढा उठला. १७ जुलै रोजीं रँसच्या मोठ्या मंदिरांत सातव्या शार्ल राजाला राज्याभिषेक झाला. मुलीला बुडवूं म्हणणारा बाप त्या समारंभाला रँसला आला होता, आणि त्याच्या खाणावळीचा खर्च सरकारांतून झाला. बापलेकींची ती भेट कशी झाली असेल, याची कल्पना ज्यानें त्यानें करावी.

त्या महिन्याच्या अखेरीस, ३१ जुलै रोजीं, राजानें दोमरेमी व शेजारचें ग्र या दोन गांवांना कर माफ केला. पुढें शतकानुशतकें कराच्या वहीवर त्या गांवांच्या नांवापुढें रक्कम लिहीत नसत. कुमारीमुळें कांहीं नाहीं, एवढाच शेरा असे. तिनें स्वतःसाठीं काय मागितलें, तें शोधणाऱ्यानें शोधावें. गांवाच्या पदरांत हें पडलें. घर मात्र तिनें पुन्हां पाहिलें नाहीं. १४३० च्या मे महिन्यांत ती कोंपिएञजवळ पकडली गेली, आणि वर्षभरानें तिचा शेवट झाला. आईच्या प्रयत्नाला यश येऊन ७ जुलै १४५६ रोजीं तो निवाडा रद्दबातल ठरला. १९०९ सालीं पोप दहावे पायस यांनीं तिला धन्यवादित म्हणून जाहीर केलें, आणि १६ मे १९२० रोजीं पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनीं संतपद दिलें. घराची गोष्ट मात्र अजून पुष्कळ उरली आहे.

दारावर एक कोरीव शिल्पपट्टी आहे. वरच्या बाजूस टोंकदार कमान, आणि तिच्या पोटांत तीन ढाली. एक फ्रान्सच्या राजघराण्याची, तिच्यावर लिलीचीं फुलें. दुसरी जोनच्या कुळाची. राजानें त्यांना सरदारकी दिल्यावर तें घराणें 'द्यु लिस' असें नांव लावूं लागलें. आणि तिसरीवर तीन नांगराचे फाळ! जवळच १४८१ हें साल आहे, आणि दोन जयघोष कोरलेले आहेत: एक शेतकष्टाचा, दुसरा लुई राजाचा. हा लुई म्हणजे अकरावा लुई, जोननें ज्याला अभिषेक करविला त्या शार्लचा मुलगा. साल नीट ध्यानांत घ्या. जोनच्या मृत्यूनंतरचें तें पन्नासावें वर्ष. म्हणजे आज आपण जें तोंड पाहतों तें तिनें पाहिलेलें नव्हे. मागाहून दुरुस्त्या करणारांनीं घराला दिलेला तो साज आहे. तरी मला तो आवडतो. घराण्याला सरदारकी मिळाली होती. त्यांना दारावर तलवारी, सिंह, काय हवें तें कोरतां आलें असतें. पण राजाच्या जयजयकाराशेजारीं तेथें शेतकऱ्याच्या श्रमाचा जयजयकार आहे, आणि लिलीच्या फुलांशेजारीं नांगराचा फाळ. आपल्याकडे दारावर क्रूस असतो आणि बांधल्याचें साल असतें. कुळाचें काम कोरलेलें मीं अद्याप पाहिलें नाहीं.

पुढें शंभर वर्षांनीं, १५८० सालीं, मोंतेञ हा प्रसिद्ध फ्रेंच ग्रंथकार प्रवासांत येथें आला होता. त्यानें टिपून ठेविलें आहे कीं, घराच्या दर्शनी भागावर जोनच्या पराक्रमांचीं चित्रें रंगविलेलीं आहेत, पण काळानें तीं फार खराब झालीं आहेत. आज त्या चित्रांचा मागमूसही नाहीं. रंग गेला, दगड राहिला.

नंतरच्या दोन शतकांत घराचा मान उतरत गेला. धनी बदलले. एकोणिसावें शतक उजाडलें तेव्हां तें निकोला झेरार्दँ नांवाच्या गांवच्याच माणसाच्या मालकीचें होतें, आणि त्याचा उपयोग राहण्यापेक्षां शेतीच्या कामाला अधिक होई. ज्या चुलाण्यापाशीं ती मुलगी निजली त्याच्या आसपास शेतीचें सामान पडलेलें. यांत झेरार्दँला दोष देण्याचें कारण नाहीं. शेतकऱ्याला कोठार लागतें, आणि जुनें घर कोठाराला बरें पडतें. आपल्या वाड्यांत असें एक तरी घर प्रत्येकानें पाहिलें आहे.

नेपोलियनचा पाडाव होऊन परक्या फौजा त्या मुलखांतून जाऊं येऊं लागल्या, त्या सुमारास प्रशियाच्या एका उमरावानें हें घर विकत मागितलें, आणि त्यासाठीं सहा हजार फ्रँक देऊं केले, असें सांगतात. झेरार्दँनें नकार दिला. १८१८ सालीं व्होझ जिल्ह्यानें घर मागितलें, तेव्हां त्यानें तें अडीच हजार फ्रँकांना दिलें. म्हणजे अर्ध्याहून कमी किंमतीस! राजानें त्याला मानाचा क्रूस देऊन गौरविलें. हा माणूस विद्वान नव्हता, श्रीमंतही नव्हता. अडीच हजार आणि सहा हजार यांमधला फरक त्याला तुमच्याआमच्याइतकाच कळत होता. घर परक्याच्या हातीं गेलें तर तें आपल्या गांवाचें राहणार नाहीं, एवढेंच त्याला त्या फरकाहून मोठें वाटलें.

मग जिल्ह्याचे मुख्य अभियंते झोल्वा यांच्या देखरेखीखालीं दुरुस्ती झाली. घराला चिकटून उभीं राहिलेलीं बांधकामें दूर केलीं आणि तें मोकळें केलें. १८२० सालीं गांवांत जोनच्या स्मारकाचें उद्घाटन झालें. १८४० सालीं फ्रान्स सरकारनें ऐतिहासिक वास्तूंची पहिली यादी केली, तींत या घराचें नांव आहे. आजही तें त्या जिल्ह्याच्या मालकीचें असून यात्रेकरूंसाठीं उघडें असतें. गांवापासून थोड्या अंतरावर, बोआ-शेन्यूच्या टेकडीवर, १८८१ पासून एक भव्य मंदिर बांधावयास घेतलें व तें १९२६ सालीं पवित्र करण्यांत आलें. तें पाहून डोळे दिपतात. पण गांवांत उतरून या ठेंगण्या घराच्या दारांत उभें राहावें, तेव्हां आवाज आपोआप खालीं येतो.

जतन करणारेही कधीं कधीं किती उलटापालट करतात पाहा. जुन्या मंदिराची एकोणिसाव्या शतकांत दुरुस्ती झाली, तेव्हां त्याची दिशाच फिरविली. पूर्वीं वेदी होती त्या बाजूला आतां दार आहे. जोन ज्या बाजूनें आंत येऊन गुडघे टेकीत असे, तेथून आज कोणी येत नाहीं. बागेंतली उजवी बाजू मात्र अजून उजवीच आहे.

येथपर्यंत दोमरेमी. आतां आपली वसई.

आपल्या वाड्यांतील जुनीं घरें आपल्या डोळ्यांदेखत चाललीं आहेत. काळ्या पत्थराचें जोतें, जाड भिंती, कौलारू छप्पर, ओटी, माजघर, माळा, परसांत विहीर. ज्या घरांत जपमाळेची प्रार्थना झाली, ज्याच्या ओटीवरून वरात निघाली आणि शेवटची यात्राही निघाली, तेथें आज चार मजल्यांची इमारत उभी आहे. याबद्दल कोणाला दूषण देण्यास मी उभा राहिलों नाहीं. दूषण द्यावयाचें तर पहिलें मला स्वतःला द्यावें लागेल. आमच्या वडिलोपार्जित घराच्या कागदावर आम्हां भावांच्या सह्या झाल्या, त्यांत माझीही आहे. छप्पर गळत होतें. चार कुटुंबांना जागा पुरत नव्हती. पुतण्यांचीं लग्नें खोळंबलीं होतीं. पुन्हां तोच प्रसंग आला तर मी पुन्हां सही करीन असें वाटतें. झेरार्दँचा गौरव करणें सोपें आहे. त्याच्या घरावर दावा सांगणारीं चार कुटुंबें होतीं कीं काय, हें मला ठाऊक नाहीं.

माझें दुःख निराळें आहे. घर पाडण्यापूर्वीं आम्हीं त्याचें माप घेतलें नाहीं. फोटो काढला तो लग्नांत, आणि त्यांत माणसेंच आहेत. मागें भिंतीचा एक तुकडा दिसतो. कोणत्या खोलींत आजी गेली, कोणत्या खांबाला आजोबा पाठ टेकून बसत, जोत्याचा दगड कोठून आणला, हें सांगणारी थोरली आत्या तेव्हां हयात होती. आम्हीं तिला विचारलें नाहीं. पुढच्याच पावसाळ्यांत तीही गेली.

म्हणूनच मघांशीं त्या साक्षीदारांचीं नांवें मी एकेक करून सांगत होतों. दोमरेमीचें घर अडीच हजार फ्रँकांनीं वांचलें हें खरें. पण वांचविण्याजोगें तें झालें तें मांझेत, ओव्हिएत, सिमोनँ, इझाबेलेत यांच्या बोलण्यानें. त्यांना कोणी विचारलें, त्यांनीं सांगितलें, आणि कोणीं तरी बसून लिहून घेतलें. ज्या घरांविषयीं असें कोणीं विचारलें नाहीं अशीं दगडी घरें लोरेनमध्यें शेंकड्यांनीं असतील.

महोत्सव मंडळापुढें मीं एक विनंती ठेविली होती, आणि ती मान्य झाल्याचें आपल्या धर्मगुरूंनीं मला आजच सांगितलें. धर्मग्रामाच्या कचेरींत बाप्तिस्म्याच्या व लग्नांच्या वह्या आहेत, त्यांच्या शेजारीं एक नवी वही ठेविली जाईल. ज्यांचें जुनें घर उभें आहे त्यांनीं त्याची लांबीरुंदी, खोल्या, दाराचें तोंड, आणि त्यांत कोण राहत होतें हें तींत लिहावें. ज्यांचें घर गेलें त्यांनीं आठवेल तें लिहावें. ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांच्याकडे तरुण मंडळींनीं जाऊन बसावें आणि त्यांच्याच बोलींत उतरून घ्यावें. भाषा सुधारूं नये. चुकीचें आठवलें तरी चालेल; दुसरा कोणी दुरुस्त करील.

पहिलें पान मीं काल रात्रीं लिहिलें आहे. आमचें घर पूर्वाभिमुख होतें. ओटीला पांच खांब, त्यांतला मधला नंतर बदललेला. माजघराच्या उत्तरेच्या भिंतींत कोनाडा, त्यांत पवित्र मारियेची मूर्ति, आणि खालीं समईच्या काजळीचा डाग. तो चुन्यानें कितीदां झांकला तरी वर येई. त्याच भिंतीवर, माणसाच्या हाताला सहज पोंचणार नाहीं इतक्या उंचीवर, लांकडाची एक जाड खुंटी होती. ती कशासाठीं होती हें मला आठवत नाहीं. आमच्या घरीं आलेलें, जेवलेलें, राहिलेलें कोणी माणूस या सभेंत असेल, तर त्यानें सभा संपल्यावर मला जरूर भेटावें.